सोळाशे एकोणऐंशी मतं

काकू कायमची गावी गेली तेव्हा लालबागच्या खोलीतून तिने भांडी नेली, देव नेले आणि पत्र्याची ट्रंक माझ्या गळ्यात घातली. "काय ठेवचा नि काय टाकूचा ता तूच बघ," म्हणाली.

ट्रंकेत भाऊंचं बदली कार्ड (कायम नसलेल्या, बदली कामगाराचं) निघालं. जुनं रेशनकार्ड, कोकणबोटीचं एक मळकं तिकीट, गावमंडळाच्या हिशेबाची वही. आणि पावत्यांचे दोन गठ्ठे. एक गिरणी कामगार युनियनच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या, वर्गणीचा. दुसरा शिवसेनेच्या शाखेला दिलेल्या वर्गण्यांचा. दोन्ही गठ्ठे एकाच सुताने बांधलेले, आणि ते सूत गिरणीतलं.

भाऊ म्हणजे माझे थोरले काका. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. मी १९७४ साली, दहा वर्षांचा असताना, शिकायला म्हणून त्यांच्याकडे आलो. दहा बाय बाराची खोली. काकू खाणावळ चालवायची, गावचे आठ-दहा जेवणकरी होते, आणि त्यातले चार-पाच तर खोलीतच झोपत. रात्रपाळीवाला सकाळी आला की पहिल्या पाळीला गेलेल्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. वळकटी कधी गार पडायची नाही. पहाटे भोंगा झाला की सगळी चाळ एकदम खोकायला लागे. कापसाची धूळ छातीत बसलेली असायची, पण तेव्हा मला वाटे की मोठी माणसं उठल्यावर खोकतातच.

भाऊ गेटमीटिंगला सगळ्यांत पुढे असत. कम्युनिस्ट पुढारी डांग्यांचं भाषण असलं की जेवण टाकून जात, आणि आल्यावर काकूला त्यातला विनोद सांगत (डांगे मालकांची टिंगल करायचे ती भाऊंना तोंडपाठ होती). संध्याकाळी हेच भाऊ नाक्यावरच्या शाखेसमोर, खडूने लिहिलेल्या फळ्याखाली उभे. दसऱ्याला शिवाजी पार्कला जाणार. सकाळी गिरणीच्या दारात लाल, रात्री चाळीच्या दारात भगवा. पुढे कॉलेजात गेल्यावर चार पुस्तकं वाचून मला शिंगं फुटली आणि मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही नक्की कुठले?" ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "साचो बंद पडलो तर युनियन. नळ बंद पडलो तर?"

या उत्तराने माझं समाधान झालं नव्हतं. आजही पूर्ण झालेलं नाही. पण गिरणगाव लालाचा भगवा कसा झाला यावर जे जे वाचलं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यापुढे फिकं पडलं.

माझ्या डोक्यात मात्र एक आकडा रुतून बसला आहे. १६७९.

५ जून १९७० च्या रात्री परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. देसाई नुसते सभेत बोलणारे पुढारी नव्हते. वस्तीत पोरं राखून असलेला, दांडगाईला दांडगाईने उत्तर देणारा माणूस. खुनाच्या खटल्यात शिवसेनेशी जोडलेल्या तरुणांना शिक्षा झाल्या. देसाईंच्या जागेवर ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. एका बाजूला देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला सेनेचे वामनराव महाडिक. महाडिक जिंकले आणि सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. फरक १६७९ मतांचा.

परळ म्हणजे गिरणी कामगारांचं काळीज. तिथे कामगारांच्या आमदाराचा खून होतो आणि चार महिन्यांनी तिथलेच कामगार त्याच्या विधवेला पाडतात. शाळेच्या वयात मला याचं काहीच वाटलं नव्हतं. नंतर जसजसं कळत गेलं तसतसा एकच प्रश्न छळू लागला: त्या १६७९ मध्ये भाऊ होते का?

मी त्यांना हे कधी विचारलं नाही. मत कोणाला दिलं हे बापालाही विचारू नये, अशी आमच्याकडे रीत. विचारलं असतं तरी त्यांनी आरशातूनच काहीतरी सांगितलं असतं.

लालाचा भगवा होण्याची सुरुवात मला १९६६ च्या, म्हणजे सेना निघाली त्याच्याही, आधीची वाटते. सगळे शिवाजी पार्कच्या मैदानापासून सांगायला घेतात. मी एका कायद्यापासून घेतो, आणि तो फारच रुक्ष आहे, पण इलाज नाही. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. गिरणगावात त्याला पूर्ण नावाने कोणी ओळखत नसे, 'बीआयआर' म्हणत. त्याचा मथितार्थ असा: एका गावातल्या एका धंद्यात प्रातिनिधिक युनियन एकच. मालकाशी वाटाघाट करायचा हक्क तिचाच. इतरांनी संप पुकारला की तो बेकायदा ठरायला फार वेळ लागत नसे. आणि ती युनियन कोणती, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नव्हतं. सभासदांच्या नोंदवह्या निबंधकापुढे जात आणि मान्यता मिळे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती होती काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेतल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे.

म्हणजे बघा, भाऊंसारख्या माणसाला देशाचं सरकार निवडायला मत होतं. आपल्या पगारावर सही कोणी करायची, हे ठरवायला नव्हतं. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने गिरण्या बंद पाडल्या, लाखो माणसं रस्त्यावर होती, पण मान्यता जागची हलली नाही. लाल बावट्याच्या सभेला मैदान भरे, आणि करार मात्र सही होई दुसऱ्याच कचेरीत. भाऊ सभासद तिसऱ्याच युनियनचे असते तरी फरक पडला नसता. त्यांच्या भाषेत, 'आम्ही ओरडूचा आणि तेंनी जेवचा.'

अशी वीस वर्षं गेली की माणूस काय करतो? युनियन सोडत नाही. तिचा झेंडा हातात ठेवतो, कारण तो बापाचा असतो. पण तिच्याकडून काही होईल ही आशा हळूहळू सुटते, आणि रोजच्या अडचणींसाठी तो जवळचं दार शोधतो.

ते दार नाक्यावरच उघडलं होतं. नळाला पाणी नाही, शाखेत जा. केईएममध्ये खाट मिळत नाही, शाखाप्रमुखाची चिठ्ठी घे. पोराला शाळेत प्रवेश नाही, भाडेकरू-मालकाचं भांडण, गटार तुंबलं, मयताला गाडी हवी. ही कामं गिरणगावात पूर्वी होत नव्हती असं नाही. युनियनचे कार्यकर्ते, व्यायामशाळा, भजनी मंडळं, गावमंडळं सगळी हेच करत होती. सेनेने त्या सगळ्याला एक फळा, एक वेळ आणि एक माणूस नेमून दिला. शाखेच्या पायरीवर बसलेला पोरगा चाळीतलाच, त्याची आई काकूकडे पीठ मागायला येणारी. युनियनच्या कचेरीत मात्र वकील भेटत.

आणि त्या पोराचीच गोष्ट खरी महत्त्वाची आहे. सेना १९ जून १९६६ ला स्थापन झाली, पण तिचा दारूगोळा बाळ ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकातून आधीच साठत होता. कचेऱ्यांतल्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. पुढे 'हटाव लुंगी'ची घोषणा आली. आता विचार करा, या घोषणेचा साचेखात्यातल्या माणसाशी संबंध काय? भाऊंच्या शेजारच्या साच्यावर उभा असायचा तो साताऱ्याचा, रत्नागिरीचा नाहीतर आझमगडचा. दाक्षिणात्य टंकलेखकाने भाऊंच्या पोटावर कधी पाय दिला नव्हता. पण भाऊंचा मुलगा पुढे मॅट्रिक झाला. त्याला बापासारखं कापूस खाऊन खोकायचं नव्हतं, त्याला टेबल-खुर्ची हवी होती, आणि ती आधीच कोणीतरी अडवलेली दिसे. तो गिरणीत नव्हता म्हणून गिरणीच्या युनियनला त्याचा पत्ता नव्हता. कचेरीत नव्हता म्हणून तिथल्या युनियनलाही नव्हता. लाल बावट्याने बापाचं खातं ओळखलं, पण कट्ट्यावर बसलेला त्याचा मुलगा कोण, हे कधी विचारलं नाही. शाखेने विचारलं. कडवट वाटेल, पण मला वाटतं डावे हरले ते इथे. सिद्धान्तावर ते हरलेले नाहीत.

मराठीपण सेनेनेच आणलं, हेही खोटं. लालबाग-परळने संयुक्त महाराष्ट्रासाठी छातीवर गोळ्या झेलल्या तेव्हा पुढे कोण होते? डांगे होते, अत्रे होते, आणि बाळ ठाकरे यांचे वडील प्रबोधनकारही होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफावर थाप मारत होते. मालक गुजराती-पारशी, कामगार मराठी, म्हणून मुंबई आमची: या एका वाक्यात वर्ग आणि भाषा अशी बेमालूम कालवली गेली की कोणती कुठली ते कळेना. १ मे १९६० ला राज्य मिळालं. तारीखसुद्धा कामगार दिनाची. त्यानंतर कालवणातला वर्ग कोणीतरी अलगद उपसून बाजूला ठेवला, भाषा तेवढी राहिली. आणि तिच्यासमोर आता गिरणीमालकाऐवजी उडुप्याचं हॉटेल आलं.

मालकांना यात काय वाईट वाटणार होतं? डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर शिवसैनिकांचा हल्ला झाला, नासधूस झाली. पाठोपाठ भारतीय कामगार सेना निघाली आणि तिने कारखान्या-कारखान्यांत जुन्या युनियनांची जागा घ्यायला सुरुवात केली. काँग्रेसचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात लोक सेनेला 'वसंतसेना' म्हणत, ते काही उगीच नाही. कम्युनिस्टांचा काटा परस्पर निघत असेल तर काँग्रेसला तो हवाच होता.

इथे वाचलेल्या इतिहासाचा मोह होतो. जर्मनीत हिटलरच्या सरकारने १ मे १९३३ हा दिवस पगारी सुट्टीचा केला, बर्लिनमध्ये प्रचंड मेळावा भरवला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. इटलीत त्याच्या दहा-बारा वर्षं आधी मुसोलिनीचे काळे सदरेवाले कामगारांची सभागृहं जाळत फिरत होते, आणि कारखानदार-जमीनदार त्यांना पैसा पुरवत होते. पण 'सेना म्हणजे नाझी' एवढं म्हणून उठून जाणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. ते कधी शाखेच्या पायरीवर बसलेले नसतात. परळमध्ये कोणी संघटनांवर बंदी घातली नाही, निवडणुका थांबवल्या नाहीत. मला त्यातलं फक्त क्रमाचं साम्य दिसतं. दगड आधी कामगाराच्या कचेरीवर पडतो. परक्याच्या दुकानाची पाळी नंतर येते, किंवा दोन्ही एकाच आठवड्यात.

आणि लाल बावटा तरी आतून अखंड होता का? १९२८ चा मोठा संप आमच्या घरात आजोबांच्या तोंडून आलेला, म्हणून सोन्याचा. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने गिरण्या बंद. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. आजोबांनी जे सांगितलं नाही ते मी नंतर वाचलं. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे महार कामगाराला घेत नसत. कांडी संपली की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडचा धोटा सवर्ण साचेवाल्याला चालत नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावलं की ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं कामावर जातील. मागणी घेतली गेली, पण मनापासून नाही. म्हणजे 'जगातल्या कामगारांनो' म्हणत असताना आमच्या आजोबांच्या खात्याचं दार बंदच होतं. आपला कोण आणि परका कोण, याची ओळ सेनेने पहिल्यांदा आखली असं म्हणणाऱ्यांनी एकदा साचेखात्यात डोकवायला हवं होतं. नोकरी जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात, जॉबर गावचा नाहीतर जातीचा. माझे आजोबाही असेच लागलेले.

त्याच गिरणगावाने जानेवारी १९७४ च्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे यांना निवडून दिलं. सेना तेव्हा काँग्रेसच्या उमेदवाराबरोबर होती. वरळीत दलित पँथर आणि शिवसैनिक यांच्यात दंगल पेटली होती, पँथरचा भागवत जाधव मारला गेला होता. मी त्यानंतर पाच महिन्यांनी मुंबईत आलो. वरळीला आमचे नातलग होते, तिकडे जायचं नाव काढलं की काकू डोळे वटारायची. कारण कोणी सांगत नसे.

मग १९८२. याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात उरकतो. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. सेनेनेही त्यात उडी घेऊन एक दिवसाचा बंद केला, आणि मागे फिरली. चिडलेले कामगार घाटकोपरला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख माणसं संपावर गेली. मागण्या पगाराच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, पण भाऊ त्यातली एकच पुन्हा पुन्हा सांगायचे: बीआयआर रद्द करा. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी या माणसाला आपली युनियन स्वतः निवडायची होती. सरकारने तेवढंच दिलं नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. गावाहून तांदूळ यायचे ते थांबले, जेवणकरी एकेक करून गावी गेले, काकूने आधी मोठी पातेली विकली, मग पाटल्या. भाऊंना गिरणीने परत घेतलं नाही.

तरीही १९८४ ला, काँग्रेसने देशभर चारशेहून अधिक जागा जिंकल्या तेव्हा, गिरणगावाने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. म्हणून 'संप हरला आणि कामगार सेनेकडे गेला' हे वाक्य मला पटत नाही. बाप गेले नाहीत. गेले ते मुलगे, आणि बापांनी त्यांना अडवलं नाही. दुसऱ्याच वर्षी महापालिका सेनेच्या हातात आली.

माझा चुलतभाऊ, तो मॅट्रिक झालेला, कधी कुरिअरमध्ये, कधी केबलवाल्याकडे, बहुतेक वेळ कट्ट्यावर असे. एव्हाना घोषणेतली लुंगी गेली होती आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं होतं. जानेवारी १९९३ च्या दंगलीत तो तीन रात्री घरी नव्हता. चौथ्या दिवशी आला, आंघोळ केली, काकूने वाढलं, तो जेवला. भाऊ दारात स्टुलावर बसून होते. कुठे होतास हे त्यांनी विचारलं नाही. काकूने विचारलं नाही. मी त्या दिवशी तिथेच होतो आणि मला चांगलं आठवतं की माझ्या तोंडापर्यंत आलेलं मी आमटीबरोबर गिळलं. तो आता चांगला माणूस आहे, नातवंडांना शाळेत सोडतो. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

मागच्या मे महिन्यात ट्रंकेतले दोन्ही गठ्ठे घेऊन मी गावी गेलो. भाऊंना जाऊन एकवीस वर्षं झाली. काकू पंच्याऐंशीच्या पुढची, कानाने अधू, डोक्याने लख्ख. पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी तिला सगळं पाल्हाळ लावून सांगितलं, देसाईंचा खून, पोटनिवडणूक, १६७९, आणि शेवटी एकदाचं विचारलं: काकू, भाऊंनी त्या वेळी मत कोणाला दिलं होतं?

"माका काय म्हायत? ते गेले सकाळी, पाळी होती म्हणान. मी गेलंय दुपारी, भांडी घासून झाल्यार."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पन्नास वर्षं मी त्या खोलीतून एकच मत मोजत होतो.

"तू कोणाला दिलंस?"

अडकित्ता थांबला. माझ्याकडे बघून ती हसली. "होय रे झिला, तुमच्या घरात आजपर्यंत माका कोणी इचारूकच नाय." मग पुन्हा सुपारी कातरायला लागली. "सरोजिनीबाईक घातलंय. तेच्या आदल्या वर्षी पाण्याच्या मोर्चात माझ्या म्होरं होती ती. आणि तिच्या घोवाक मारल्यानी."

"भाऊंना सांगितलंस?"

"कित्याक?" ती म्हणाली. "रात्री जेवक बारा माणसां होती."